अकरावी ‘ब’चं खरं मत

स्वतःचं कौतुक ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं, हे मी कधी लपवत नाही. त्यामुळे अकरावी ‘ब’च्या पोरांनी माझ्या केमिस्ट्रीच्या व्हिडिओंना पाचपैकी पाच तारे दिल्याचं कळलं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, विजय नगर भागातल्या शाळेत यंदा नवी पद्धत आली होती. धडा पोरांनी घरी मोबाइलवर माझ्या व्हिडिओतून शिकायचा, शाळेत येऊन शंका विचारायच्या आणि लॅबमध्ये स्वतः प्रयोग करायचे. अर्धं घरी, अर्धं शाळेत. व्हिडिओ सगळे माझे. पन्नाशी उलटल्यावर कॅमेऱ्यासमोर उभी राहायला शिकले होते मी, त्यामुळे ते तारे मला हक्काचेच वाटले.

अभिप्रायाचा फॉर्म अनुपमने बनवला होता. अनुपम आमचा कॉम्प्युटरचा मास्तर, मदन महल भागात राहतो. मराठी घरातला, म्हणून माझ्याशी मराठीत बोलतो. म्हणजे त्याला जी येते ती.

“मॅडम, एकाने पण चार नाही दिले,” तो डोकं खाजवत म्हणाला. “सगळे पाचच देऊन राहिले. थोडं अजीब नाही वाटत?”

“अजीब काहून वाटेल? चांगलं शिकवलं तर चांगलंच म्हणतील ना!”

दुसऱ्या दिवशी आमचे डायरेक्टर दुबे सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी पदर सावरून, कौतुक ऐकायच्या तयारीनेच गेले.

“मैडम, बच्चे तो आपके वीडियो पर फ़िदा हैं,” ते म्हणाले, आणि पुढच्या वर्षीचा बेत त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितला. व्हिडिओंनी एवढं छान भागतंय, तर लॅबचे तास कशाला? बारावीत बोर्डाच्या प्रॅक्टिकलआधी चार दिवस सराव करून घेऊ. लॅबच्या जागेवर रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होईल. “आप ही के लिए तो बना रहे हैं!”

ती लॅब म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हा तुटक्या बाकांची अडगळ होती. पाण्याचे नळ, धूर बाहेर ओढणारा पंखा, ब्युरेटचे स्टँड, एकेक गोष्ट मी भांडून मिळवली होती. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची लांब नळी. ती तोटी फिरवताना सुरुवातीला पोरांचे हात थरथरतात आणि दिवाळीपर्यंत तीच पोरं एकेक थेंब मोजून सोडायला लागतात. ते बघण्यासाठी तर मी शिकवते.

“सर, लॅबबद्दल पोरांना विचारलं का?” मी हिंदीतून विचारलं.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रांगेने पाच-पाच तारे. “पूछ लिया ना मैडम. और क्या पूछें?”

मी तोंडात मारल्यासारखी बाहेर आले. अनुपमला सांगितलं, तर त्याच्याकडे उपाय तयार.

“सोप्पं आहे मॅडम. मी पोरांना सांगून देतो, फॉर्म परत भरा, व्हिडिओला दोन तारे द्या. लॅब वाचली!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, मग तो पोरांचा अभिप्राय कसा? तो माझाच झाला ना! पढवून बोलायला लावू मी त्यांना?”

“मग लॅब जाईल.”

“जाऊ दे गेली तर!”

म्हणायला म्हणाले. संध्याकाळी घरी भाजी करपली आणि अतुलवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, विनाकारण ओरडले. रात्रभर एकच वाटत होतं, मला ही लॅब हवी आहे आणि ती खोटेपणाने नको आहे. सकाळी सरळ दुबे सरांकडे गेले आणि म्हटलं, एकदा तुम्ही स्वतः वर्गात या, माझ्यासमोर पोरांना तोंडी विचारू. ती जे म्हणतील ते मला मान्य. ते लगेच तयार झाले. माणूस वाईट नाही, फक्त स्क्रीनवर दिसलं की त्यांना पटतं.

शनिवारी ते आले. अनुपमही मागच्या बाकावर येऊन बसला.

“वीडियो कैसे लगे?”

“बहुत अच्छे, सर!” अख्खा वर्ग एका सुरात.

“कोई दिक्कत?”

“नो, सर!”

“प्रैक्टिकल चार दिन में हो जाएगा न?”

आता पोरं गोंधळली. कोणी सरांकडे बघितलं, कोणी माझ्याकडे. मोठ्यांना काय ऐकायचंय ते कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. एका पोराने हळूच “यस, सर” म्हटलं, तसे बाकीचेही म्हणाले. दुबे सरांनी माझ्याकडे बघून हात पसरले. संपलं सगळं, असं मला वाटलं, आणि रागही आला. पोरांचा नाही, त्या प्रश्नांचा. मास्तरीण समोर उभी असताना ‘ती कशी शिकवते’ विचारलं, तर चांगल्या घरचं कोणतं पोर तिच्यात खोट काढेल?

मी पुढे झाले. “मेरी बात छोड़ो,” मी म्हणाले. “अगले साल तुम्हारे छोटे भाई-बहन इस क्लास में आएँगे। उनके लिए ये वीडियो मैं फिर से बनाऊँगी। क्या-क्या बदलूँ?”

प्रथमेश नावाचा एक वात्रट पोरगा उठला. “मैडम, मोल वाले वीडियो में पीछे कुकर की सीटी बजती है।”

वर्ग हसला. मीही हसले, कारण शिट्टी होती खरी. मग कोणी म्हणालं, सूत्रं फार लवकर पुसता. कोणी म्हणालं, व्हिडिओ लांब आहेत, नेट संपतं. मी एकेक ऐकत होते, नाकाला मिरच्या झोंबत होत्या आणि तरी बरं वाटत होतं.

तेवढ्यात खिडकीजवळची समृद्धी उठली. चेरीताल भागातली पोरगी. घरी मराठी ऐकते, पण बोलायचं म्हटलं की हिंदीच येते. वर्षभरात स्वतःहून ती एक शब्द बोलली नव्हती.

“मैडम, टाइट्रेशन वाला वीडियो...” ती थांबली. “वो ग़लत है।”

दुबे सर खुर्चीत सरळ झाले.

“काय चुकलं त्यात?” माझा आवाज जरा चढलाच.

“आपने ज़्यादा डाल दिया है, मैडम। रंग एकदम गाढ़ा है।”

आणि मला लख्ख आठवलं. आम्ल किती आहे ते मोजायला ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडायची आणि पहिला फिका गुलाबी रंग टिकला की तिथेच थांबायचं. एक थेंब जास्त गेला तरी उत्तर बिघडतं. तो व्हिडिओ मी रविवारी केला होता, फोन धरायला अतुल. तो फिका रंग फोनमध्ये दिसेना. “काही दिसून नाही राहिलं, अजून टाक थोडं,” अतुल म्हणाला, आणि मी टाकलं. छान राणी रंग आला. मी खुशीत व्हिडिओ चढवला. आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

“तुम्हें कैसे पता?” दुबे सरांनी तिला विचारलं.

“सर, वीडियो देखकर लैब में वैसा ही किया। जवाब हर बार ग़लत आया। फिर मैं एक-एक बूँद पर रुकने लगी, तो समझ में आया। वो रंग इतना हल्का है सर, नीचे सफ़ेद काग़ज़ रखो तब दिखता है। मोबाइल में नहीं दिखेगा।”

“तो फॉर्म में क्यों नहीं लिखा?”

समृद्धीने मान खाली घातली. “सर, फॉर्म में ऊपर मैडम का नाम था।”

मागे अनुपमने कपाळाला हात लावला.

“मतलब वीडियो बेकार हैं?” सरांनी विचारलं.

“नहीं सर! जो क्लास में नहीं समझता, वो मैं घर पर रोक-रोककर देखती हूँ। पर हाथ का काम लैब में ही आता है। अगले साल वालों को ख़ाली वीडियो दिखाया, तो सब गाढ़ा गुलाबी करके आएँगे।”

बोलताना तिची नजर सरांवरून हलली नाही. इतकी वर्षं शिकवलं, बोर्डात पहिले आलेले पाहिले, पण इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. माझं बोलणं प्रमाण न मानता या पोरीने स्वतः करून पाहिलं होतं, आणि जे दिसलं ते माझ्या तोंडावर सांगितलं होतं. याहून वेगळं मला काय शिकवायचं होतं?

अख्खी बॅच बोर्डाच्या प्रॅक्टिकलमध्ये गडद गुलाबी रंगाचे फ्लास्क हातात घेऊन उभी आहे, असं बहुधा दुबे सरांच्या डोळ्यांसमोर आलं असावं.

“लैब रहेगी,” ते उठत म्हणाले. “पूरे साल।”

पोरांनी बाकं बडवली. दारापाशी जाऊन सर वळले आणि मला चिडवायला म्हणाले, “मैडम, आपकी स्टूडेंट ने तो सबके सामने आपकी ग़लती निकाल दी!”

“जी, सर,” मी म्हणाले. “मेरी ही स्टूडेंट है।”