लिफ्ट बंद आहे

मी एक जुनी लिफ्ट आहे. मित्रांनो, मला बोलता येते याचे नवल करू नका. चाळीस वर्षे माणसांच्या गप्पा ऐकल्या की लोखंडालाही वाचा फुटते.

सात मजल्यांच्या संशोधन केंद्रात मला बसवले, तेव्हा माझा काय थाट होता! लिफ्टवाले काका माझी पितळी मूठ रोज घासून लख्ख करत. "आमची राणी कधी अडकत नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी नुसती फुलून जायचे. काकांची नात आली की सातही बटणे दाबून मोकळी व्हायची. पुढे तिच्या पायांतली ताकद कमी होत गेली. स्नायूंचा आजार होता आणि त्यावर औषध नव्हते.

मग तळमजल्यावर क्वांटम संगणक आला. केंद्राच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, त्यावर याच आजाराच्या औषधाचा रेणू शोधू लागल्या. त्यांनी काकांना समजावले, "समजा, तुमची लिफ्ट एकाच वेळी सातही मजल्यांवर आहे. यातले कण तसे असतात. जरा धक्का लागला की एकच मजला उरतो. ताऱ्यांच्या पोटात काय चालतं, तेही यांना एक दिवस विचारता येईल."

त्या दुपारी मी स्वप्नातच होते. माझे एक दार औषधांच्या बागेत उघडत होते, दुसरे थेट ताऱ्यांत.

पण उत्तरे चुकत राहिली. महिन्याने कारण सापडले. ते कारण मीच होते! माझ्या मागचे वजनाचे लोखंड वरखाली झाले की कण बिथरत. मॅडमना हे सांगवेना. काकांनीच ओळखले.

"आमच्यामुळे अडतंय का?"

"हो, काका."

"मग बंद करा की! त्यात विचारायचं काय?"

त्यांनी स्वतः कळ ओढली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले. माझ्यावर धूळ साचली. धापा टाकत जिने चढणारे मला नावे ठेवू लागले. काका मात्र जिन्याशी उभे राहून सांगत, "हळू चाला, पाय वाजवू नका."

अकराव्या दिवशी उत्तर जुळले. रेणू सापडला, पण औषध व्हायला अजून काही वर्षे लागतील.

"तोवर पोरगी धीर धरेल ना?" काकांनी विचारले. मॅडम त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या.

मित्रांनो, शेजारी कुणी अवघड काम करत असेल, तर जरा जपून चाला. गप्प उभे राहणे हीसुद्धा मदत असते. संगणकावर पुढचे काम चालू आहे, म्हणून मी अजून बंदच आहे. काल काकांनी नातीला पाठुंगळी घेऊन वर नेले. माझे एकच मागणे आहे. एक दिवस तिने स्वतःच्या पायांनी हे सगळे जिने धावत चढावेत आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहू नये.