पहिल्या संथेचा शब्द

समर्थनगरातील मधुसूदनशास्त्री पहाटे स्नानसंध्या उरकून आसनावर बसत, समोर टॅब्लेट उभा करीत आणि पडद्यावरचे चक्र नुसते गरगरत राही. दिवाळीपासून हेच चालले होते. दूरदूरच्या विद्यार्थ्यांना पडद्यावरून वेदमंत्रांची संथा देणे, आपण एकदा म्हणावे आणि त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावे, हे त्यांच्या उतारवयातील एकमेव व्रत. नेमक्या त्याच घटकेला इंटरनेट जाई.

"पहाटे सगळं शहर एकदम जागं होतं, गुरुजी. तारेवर ताण येतो," शंतनूने सांगितले होते. "लाइन सुधारेपर्यंत संथा मी चालवतो. आपण निश्चिंत असावं."

शंतनू पट्टशिष्य, मुंजीपासून त्यांच्या पायाशी बसून शिकलेला. टेलिफोनच्या तारेवरचा डीएसएल राउटरही त्यानेच आणून देवघराशेजारच्या कोनाड्यात बसवला होता. दसऱ्याला पोथ्यांबरोबर त्यालाही गंधफूल वाहिले होते. शास्त्रीबुवांनी त्यात कधी डोकावले नाही. शिष्याची सेवा तपासून घेऊ नये, हा त्यांच्या गुरूंचा दंडक.

त्या पहाटे माहेरपणाला आलेली त्यांची लेक वैदेही चहाचा पेला घेऊन दारात उभी राहिली.

"नाना, माझ्या फोनवर तर चालतंय. आपलंच वायफाय आहे हे."

"तुझा फोन नवा असेल."

"नवा कसला! काच तडकलीय त्याची. थांबा, लॅपटॉप आणते. राउटरच्या सेटिंगमध्येच काहीतरी घोळ दिसतो. त्याचा पासवर्ड काय आहे?"

"शंतनूलाच ठाऊक." मग ते मंद हसले. "त्याच्या पहिल्या संथेचा पहिला शब्द घालून बघ. दुसरं काही तो ठेवायचाच नाही."

त्यांनी तो शब्द हलकेच उच्चारला, तिने टाइप केला. पान उघडले. शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले.

वैदेही एकेक भाग उघडून पाहत होती. एकाएकी तिचा हात थांबला.

"लाइन ठणठणीत आहे, नाना."

"मग?"

"बंदी फक्त तुमच्या टॅब्लेटवर घातलीय. रोज, संथेच्या वेळेपुरती." तिचा आवाज उतरला. "ही सोय लहान मुलांसाठी असते. अवेळी खेळत बसू नयेत म्हणून."

शंतनूची संथा संपण्याची वेळ होईपर्यंत शास्त्रीबुवा आसनावरून हलले नाहीत. मग त्यांनी फोन लावला.

"शंतनू, ही बंदी तू घातलीस?"

"गुरुजी, अलीकडे आपला स्वर ढळतो. मुलं तसंच उचलू लागली होती. तोंडावर कसं सांगू?"

"तुझी प्रत्येक चूक मी तोंडावरच सांगितली ना रे?"

"आपल्याला क्लेश झाले असते..."

"झाले असते. पण आसन तुला देऊन मी तुझ्यासमोर ऐकायला बसलो असतो, बाळ. तू मात्र मला तारेची कथा सांगितलीस."

त्यांनी फोन खाली ठेवला. वैदेहीने बंदी काढून टाकली होती.

"पासवर्डही बदलते. त्याला कधी सुचणार नाही असा एखादा शब्द सांगा."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. ओठ किंचित हलले, थांबले, पुन्हा हलले. कोनाड्यातले हिरवे दिवे स्थिर जळत होते.

"माझ्याजवळचा प्रत्येक शब्द मी त्याला देऊन बसलोय," ते म्हणाले. "तुझ्याजवळचा एखादा घाल."