मोनाचा गुडघा आणि विश्वचषक

भैरवी मॅडमना त्या शनिवारी दुपारपासूनच वाटत होतं, की ही भानगड आपण अंगावर घ्यायलाच नको होती.

कसबा बावड्यातल्या एका शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि संध्याकाळी साखर कारखान्याकडच्या मोकळ्या मैदानात पोरींना रग्बी. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पेठाच्या पेठा रस्त्यावर येतात, कुस्ती म्हटलं की म्हातारी माणसं सावरून बसतात. रग्बी म्हटलं की मात्र जो तो विचारायचा, "म्हंजे हेल्मेट घालून खेळत्यात त्ये?" ते अमेरिकेतलं वेगळं, हे वेगळं, हे सांगून सांगून मॅडमची जीभ झिजली होती. पोरींना त्यांनी मोबाईलवर न्यूझीलंडच्या जोना लोमूचा पंच्याण्णवचा तो सामना दाखवला होता, ज्यात तो इंग्लंडच्या गड्यांना अंगावर घेत, तुडवत गेला होता. ते बघून एका पोरीच्या आईनं दुसऱ्या दिवसापासून पोरीला पाठवायचंच बंद केलं.

एवढ्या सगळ्यात हाताला लागली होती ती मोना. शेतकऱ्याची पोर, अंगानं दणकट. दोघीजणी कमरेला लोंबकळल्या तरी चेंडू काखेत धरून ती पुढंच जायची. राज्याच्या संघात निवड झाली आणि नेमका त्या संघाच्या सरावात गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, पाय बरा झाला, डॉक्टरांनी खेळायची मोकळीकही दिली. पण मोना मैदानावर येऊन कडेला बसायची, बाकीच्यांच्या चुका काढायची आणि घरी जायची. मॅडमनी विषय काढला, की "बघूया की मॅडम." मॅडमना त्या दोन शब्दांचीच चीड यायला लागली होती.

त्यात महिला विश्वचषकाची फायनल आली. लंडनला, इंग्लंड आणि कॅनडा. कॅनडाच्या सोफी डी गोएडेचा गुडघाही असाच गेला होता. वर्षभर ती बाहेर बसली आणि परत येऊन सगळ्या स्पर्धेत गाजली. मोनानं तिला एकदा मोठ्या पडद्यावर बघावं, एवढंच मॅडमना हवं होतं.

मोठा पडदा होता तो तालमीच्या मंडळापाशी. रविवारी भारत-पाकिस्तान क्रिकेटची फायनल, म्हणून अध्यक्ष बाळासोंनी आणवला होता. शनिवारी लावू द्या म्हणून मॅडम त्यांच्याकडे तीनदा गेल्या. शेवटी टेस्टिंग तरी होईल, एवढ्यावर ते कबूल झाले.

सामना साडेआठला. साडेआठला मंडपात नवरात्राची आरती चालू. आरती संपली तर बाळासोंनी माईक घेतला आणि आपल्या भागात प्रथमच रग्बी फुटबॉल दाखवण्याचा मान कुणाला मिळाला, ते सविस्तर सांगितलं. मॅडम हसऱ्या तोंडानं दात खात उभ्या. मंडळाचं वायफाय बंद, म्हणून त्यांच्याच मोबाईलवरून चित्र पडद्यावर सोडलं. जरा कुठं रंग भरतोय तोवर सासूबाईंचा फोन. साबुदाणा भिजवलाय का. चित्र गेलं. परत आलं तेव्हा इंग्लंडच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. त्यांच्या एली किल्डननं अर्ध्या संघाला चकवून रेषेपलीकडे टेकवलेला, गुण मिळवून देणारा चेंडू उभ्या बावड्यात कुणी बघितला नाही.

पुढच्या खुर्चीत गणपतराव होते, जुने पैलवान. त्यांना एकच कोडं पडलं होतं, पुढं जायचं तर चेंडू मागं का टाकत्यात. हातानं चेंडू पुढं टाकता येत नाही, हा नियम मॅडमनी सांगितला. त्यांनी मान हलवली आणि जरा वेळानं तेच विचारलं. मागं बायका म्हणत होत्या, ऐंशी हजार माणूस जमलंय, तेही बायकांचा खेळ बघायला. तेवढं एक वाक्य मॅडमना बरं वाटलं.

मध्यंतरापर्यंत कॅनडा मागं पडलं होतं. मॅडम मोनाजवळ जाऊन बसल्या आणि सोफीकडे बोट दाखवत राहिल्या. ही बघ कशी उठली, ही बघ कशी धडकली. मोना हूं हूं करत होती. पण तिची नजर सोफीवर ठरत नव्हती. चेंडू एकीकडे आणि हिचे डोळे भलतीकडेच.

"तुझं ध्यान कुठं आहे?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"त्या रेफ्री बाईकडं," मोना म्हणाली. "एवढ्या तिसांच्या तीस जणी आडदांड, पण तिनं हात वर केला की गप हुत्यात. आणि तिचं चुकंना झालंय, मॅडम. मी कवाधरनं बघतोय."

ती स्कॉटलंडची हॉली डेव्हिडसन. तीही आधी खेळायची, खांद्याच्या दुखण्यानं तिचं खेळणं थांबलं. मॅडमना हे ठाऊक होतं, पण आत्ता सांगायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती.

"मोना, तुझा गुडघा बरा झालाय."

"गुडघा बरा हाय की. मलाच खेळायचं न्हाई." ती पडद्याकडे बघतच बोलत होती. "भ्या वाटतंय म्हणून न्हाई. ऑपरेशननंतर कडंला बसून बसून मला खेळ दिसाय लागला. आत असताना नुसती माणसं दिसायची. मला शिट्टी पायजे, मॅडम. लई दिवस सांगीन म्हणत हुतो, तुमी चिडशीला म्हणून न्हाई बोललो."

मॅडम चिडल्याच. इंग्लंड ३३-१३ नं जिंकलं, बाळासोंनी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मॅडम वायरी गुंडाळत मनात म्हणत होत्या, एवढा आटापिटा करून आपण आपलाच हुकमी मोहरा घालवला.

सोमवारी सरावाच्या सामन्यात त्यांनी तिच्या हातात शिट्टी दिली ती निव्वळ तिची हौस फिटावी म्हणून. थोड्या वेळानं मोनानं संघातल्या इरावतीविरुद्ध पेनल्टी दिली, समोरचीला छातीच्या वर पकडलं म्हणून. मॅडमना ती पकड छातीखाली दिसली होती. त्या तावातावानं आत शिरल्या आणि बोलत सुटल्या. मोनानं ऐकून घेतलं आणि हात वर केला.

"वाद घातलासा. दहा मीटर मागं."

"अगं, मी कोच आहे."

"म्हणूनच."

इरावतीच्या बाजूच्या पोरी दहा मीटर मागं सरकल्या. मॅडम पाय आपटत बाहेर आल्या. पकड छातीखालीच होती, हे त्या आजही शपथेवर सांगतात. पण रेफ्रीशी वाद घातला की दहा मीटर, हे नियमानं बरोबर होतं, त्याला इलाज नव्हता. त्याच रागात घरी जाऊन त्यांनी पुण्याच्या रेफ्री शिबिराला मोनाचं नाव कळवून टाकलं.