आणखी जवळून काढा

निशाच्या पेजवरचं हिरवं बटण तीन दिवस रंग बदलत होतं. आधी पोपटी, मग शेवाळी, मग पुन्हा पोपटी. प्रणित वैतागून म्हणाला, "बटणाचं लग्न लावायचंय का? ठेव की आता एक कुठला तरी." पण निशा ऐकते कसली!

प्रणित तिचा कॉलेजपासूनचा मित्र. सापाचा फोटो बघून जात ओळखणारं मॉडेल त्याने पनवेलच्या आपल्या खोलीत बसून तयार केलं होतं. लोकांनी ते वापरायचं तर फोटो टाकायला जागा आणि उत्तर वाचायला पान हवं, म्हणून काम निशाकडे आलं. मूळ मागणी दयारामकाकांची. ते पळस्प्यापुढच्या गावात निशाच्या शेजारी राहत आणि वीस वर्षं साप पकडून जंगलात सोडत. दिवसाला पंधरा फोन यायचे आणि बहुतेक घरांत निघायची बिचारी बिनविषारी धामण. काका म्हणाले होते, "कोनता साप हाय त्ये आधीच कललं, तर माजी निम्मी वणवण वाचंल. रविवारी आमच्या साप पकडनाऱ्या पोरांना दाखव. पटलं तर सगल्या तालुक्याला देऊ."

शुक्रवारी निशाने पेजची लिंक पहिल्यांदा कुणाला पाठवली असेल तर आईला. आईने, म्हणजे मालूताईंनी, लगेच नळीचा फोटो टाकला, मग मोजायच्या टेपचा, मग स्वतःच्या वेणीचा. तिन्ही वेळा पेज म्हणालं, "हा साप नाही." आईचा विश्वास बसला.

शनिवारी अकराच्या सुमाराला निशा प्रणितकडे बसलेली असताना आईचा फोन आला.

"निशा गो, तुजा पेज येकदम बरोबर हाय! मागं उरलेल्या टाइलांखालून साप निंगाला. घोणस सांगतंय. विषारी, शहाण्णव टक्के!"

निशाने टाळीसाठी हात पुढे केला. प्रणित खुर्चीवरून उठलाच.

"पयल्यांदा काय सांगलं नाय त्यानं," आई पुढे म्हणाली. "बोलला, आणखी जवलून काढा. मंग मी जवल गेले. परत तेच बोलला, मंग आणखी जवल गेले. तवा सांगला. कुकरवानी शिट्टी मारतंय बग मेला."

टाळीचा हात तसाच राहिला. "आई, तू कुठं हायेस?"

"हितंच. त्याच्याम्होरं."

"मागं हो! आत्ताच्या आत्ता मागं हो!"

"वरडतेस कशाला? तुजाच पेज..."

"आई, मागं हो!"

निशाने तिला फोनवरच घरात घेतलं, दार लावायला लावलं आणि प्रणितच्या फोनवरून काकांना बोलावलं. स्कूटी दामटत ती घरी पोचेपर्यंत घोणस काकांच्या बरणीत गेली होती आणि आई काकांसाठी चहा टाकत होती. निशाने आधी तिला वाट्टेल ते सुनावलं, मग गच्च मिठी मारली आणि भोकाड पसरलं. एवढी घाबरलेली ती कधीच नव्हती. आईला काही कळेना.

मग निशाने आईच्या मोबाइलमधले फोटो पाहिले. पेजवर फोटोच्या कडा कापून नेमका चौकोन दिसायचा. तो कापायचा कोड निशाचाच. आता तिसरा फोटो तिने अख्खा उघडला. मध्ये वेटोळं घातलेली घोणस आणि खालच्या कोपऱ्यात आईच्या पायाचा अंगठा. परवाच्या हळदीला हौसेने लावलेलं लाल नेलपॉलिशसुद्धा स्वच्छ दिसत होतं. मध्ये हातभरही अंतर नव्हतं.

'फोटो स्पष्ट नाही. कृपया आणखी जवळून काढा.' हे वाक्य तिने एका बँकेच्या अर्जावरून उचललं होतं. तिथे आधारकार्डाचा फोटो पुसट आला की तेच येतं. आधारकार्ड चावत नाही. बटणाच्या रंगावर तीन दिवस घालवले आणि या वाक्यावर तीन सेकंदही नाहीत, म्हणून तिने स्वतःलाच शिव्या घातल्या.

दुपारभर तिने पेज उलटंपालटं केलं. प्रणित फोनवर कुरकुरला, "लांबून काढलेल्या फोटोंवर मॉडेल गडबडेल गं."

"मग त्याने कळत नाही म्हणावं आणि गप्प बसावं."

आता कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच मोठ्या अक्षरांत यायचं, 'आधी दहा पावलं मागे या.' आणि फोटो पुसट आला तर, 'साप ओळखता आला नाही. जवळ जाऊ नका. काकांना फोन लावा.' खाली पोपटी बटण. दाबलं की थेट दयारामकाका.

संध्याकाळी तिने मोबाइल पुन्हा आईच्या हातात दिला. अंगणात साप नव्हता, नुसती नळी पडली होती. आईने चष्मा लावला, वाक्य वाचलं आणि नळीवरची नजर न हलवता उलटी चालायला लागली. मोठ्याने मोजत. दोरीवरचे कपडे डोक्याला लागले तरी थांबली नाही. आठव्या पावलाला पाठ कंपाउंडच्या भिंतीला टेकली.

"भित आली गो. आठच झाली," ती तिथूनच ओरडली. "आता काय करू?"

निशाला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. पेजने सांगितलं असतं तर आई भिंत चढून पलीकडे गेली असती.

"ऱ्हाव दे, आई. आठ पुरे," ती म्हणाली. मग पायरीवर बसून तिने लॅपटॉप उघडला, 'दहा पावलं' खोडलं आणि लिहिलं, 'जमेल तेवढं मागे या.'