पळसफुलांचा शेक

माझी बायको शेवंती गेली त्याला आता वर्ष होत आलं. ती गेल्यावर मी एकदाच ठाण्याला जाऊन आलो. तिथे काय झालं ते सांगतो.

मी पलटणीत शिपाई होतो. भरतीला उशिरा गेलो आणि पेन्शनीपुरती वर्षं भरायच्या आतच आजारी होऊन घरी आलो. आजार चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. लघवी अडायची. सारखी लागायची, पण थेंब थेंब व्हायची, कधी तेवढीही नाही. हे सुरू झालं महूच्या छावणीत. तेव्हा शेवंती माझ्याबरोबर लाइनीत, म्हणजे शिपायांच्या खोल्यांत राहायची. मी लघवीला बाहेर गेलो की आत येईपर्यंत ती दारात बसून राहायची. पलटणीतून नाव कापताना माझ्या नावापुढे ‘अशक्त’ एवढंच लिहिलं गेलं.

नोकरीत जडलेल्या दुखण्याने शिपाई निकामी झाला तर सरकार पेन्शन देतं. मी मागितली, ती नाकारली. म्हणून वर अर्ज केला. तेव्हा आम्ही कल्याणला भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि शेवंती लोकांचं भात कांडून देत होती. ती म्हणायची, “पेन्शन आली की मुसळाला हात लावायची नाही. दाराशी टेकवून ठेवीन, शोभेला.”

अर्जावरून ठाण्याला तपासणीसाठी बोलावणं आलं. रेल्वेने जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. डब्यात लघवीची सोय नसते आणि मला तर घडीघडीला उतरावं लागायचं. म्हणून दौलतची बैलगाडी घेतली. दौलत माझ्याच पलटणीतला, पण आम्ही महूला जायच्या आधीच तो घरी परतला होता.

निघायच्या आधी शेवंतीने माझा जुना कोट धुऊन पेजेत बुडवून कडक केला, बटणं राखेने घासली, फेटा स्वतः बांधला. मी म्हटलं, “अगं, आजारी माणूस आहे मी.”

“साहेबापुढे शिपायासारखं उभं राहायचं,” ती म्हणाली. “शिपायाला पेन्शन देतील. भिकाऱ्याला काय म्हणून देतील?”

दौलत गाडी जुंपून आला आणि मला बघून हसायला लागला. “वहिनी, नवरदेव केलात की याचा. साहेब पेन्शन द्यायची सोडून पोरगी देईल.”

“देऊ दे की. रातचं यांच्यामागे उठायला तीच येईल.”

आम्ही ठाण्याजवळ खोपट गावात दौलतच्या ओळखीच्या माणसाच्या पडवीत मुक्काम केला. सकाळी माझं पोट टरारून फुगलं. शेवंतीने पळसाची वाळवलेली फुलं मडक्यातून बरोबर आणली होती. ती उकडून, फडक्यात घालून तिने माझ्या ओटीपोटावर बांधली. फुलं निवली की पुन्हा गरम करायची. शेवटी लघवी झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी कचेरीपर्यंत पायी गेलो.

फाटकावरच्या पट्टेवाल्याने शेवंतीला अडवलं. बायकांनी बाहेर बसायचं, म्हणाला. ती तिथेच भिंतीच्या सावलीला बसली.

आत गोरा डॉक्टर होता आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला त्र्यंबकराव म्हणून दवाखान्यातले गृहस्थ होते. मी टाचा जुळवून उभा राहिलो. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं.

“लघवी होते का?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“आज झाली, साहेब.”

“झाली ना?” त्यांनी ते साहेबाला सांगितलं. साहेबाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि दोन शब्द बोलला. त्र्यंबकरावांनी मला सांगितलं, “साहेब म्हणतात, माणूस चांगला तरतरीत आहे.”

मी बाहेर आलो. शेवंती उठली. “काय म्हणाले?”

“तरतरीत आहे म्हणाले.”

परतताना गाडी शीळच्या फाट्याला आली. तेव्हा ती म्हणाली, “फुलं मीच बांधली ना.”

“दुखत होतं म्हणून बांधलीस.”

“आज दुखू द्यायला हवं होतं.”

आम्ही पुन्हा अर्ज केला. उत्तराची वाट बघता बघता थंडी आली आणि शेवंतीला ताप भरला. चार दिवसांनी ती अंथरुणातून उठेनाशी झाली. मी उशाशी बसलो होतो. ती म्हणाली, “पुन्हा बोलावलं तर कोट घालायचा नाही. फुलं बांधायची नाहीत. आहात तसे जा.” मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात ती गेली.

बोलावणं त्यानंतर आलं. आता पेन्शन मिळाली तर खोलीचं भाडं भागणार होतं. नाही तर बाळकुमला मेहुण्याच्या दारी जावं लागणार होतं. आणि जिथे ती वावरली ती खोली मला सोडायची नव्हती.

मी फाटक्या धोतरावर निघालो. दाढी वाढली होती. गाडीच्या हिसक्यांनी पोटात कळा येत होत्या. शीळला उतरून झाडाआड बराच वेळ उभा राहिलो, पण काही झालं नाही. परत आलो तर दौलतच्या हातात मडकं होतं.

“सहदेवा, मी उचलून आणलंय रे. तीन दगड मांडतो, फुलं उकडतो.”

“नको.”

“अरे, मरशील.”

“तिने नको सांगितलंय.”

दौलतने मडकं गवतात ठेवलं आणि बैल पुन्हा गाडीला जुंपू लागला.

कचेरीत तोच डॉक्टर होता. आजाऱ्यासारखं वाकून उभं राहायचं मी ठरवलं होतं. पण साहेब आत आला आणि माझ्या टाचा आपोआप जुळल्या. तरी त्याने पोटावर हात ठेवला तेव्हा मी ओरडलो. मग त्याने नळी घालून लघवी काढली. नंतर आतून बोटाने तपासलं, हात धुतले आणि त्र्यंबकरावांशी बराच वेळ बोलला.

त्र्यंबकराव माझ्याजवळ येऊन बसले. “मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ आहे. दगडासारखी टणक, वाईट जातीची. तिच्यावर औषध नाही.”

“म्हणजे मी आजारी आहे हे साहेबांना पटलं?”

“पटलं.”

मला आनंद झाला. खरंच झाला. शेवंतीचं बरोबर होतं असं वाटलं.

“पण असं आहे,” ते म्हणाले, “ही गाठ उतारवयात होते. घरी आल्यावरही झाली असेल. पलटणीत असतानाच त्रास सुरू झाला, असं सांगणारं कोणी आहे का?”

“माझी बायको. महूला ती माझ्याबरोबर होती. तिला सगळं ठाऊक होतं.”

“आणलंय का तिला?”

“मागच्या खेपेला आणली होती. फाटकाशी बसली होती.”

त्यांनी साहेबाला सांगितलं. साहेबाने मान हलवली. तो या वेळी चांगला वागला, खोटं कशाला बोलू. त्र्यंबकराव म्हणाले, “साहेब म्हणतात, तिला घेऊन या. तिचं म्हणणं लिहून घेऊ.”

“ती वारली.”

त्र्यंबकराव साहेबाकडे वळून बोलले. साहेबाने हातातली लेखणी खाली ठेवली आणि काहीतरी म्हणाला. ते मला कुणी मराठीत सांगितलं नाही. “या आता,” त्र्यंबकराव म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले.

बाहेर दौलत थांबला होता. “काय म्हणाले?”

“शेवंतीला घेऊन या म्हणाले.”

माझ्या बगलेत हात घालून त्याने मला गाडीत चढवलं.

महिन्याने खोली सोडली. सामान फार नव्हतंच. दौलतनेच ते बाळकुमला पोचवलं. मेहुणा गाडीतून एकेक जिन्नस उतरवून घेत होता. “दाजी, हे मुसळ कशाला आणलंत? घरात दोन आहेत.”

“असू दे,” मी म्हटलं.

पडवीत मला जागा दिली आहे. मुसळ तिथेच दाराशी टेकवून ठेवलं आहे.