जीवनची रायटर

बोर्ली पंचतनच्या जीवनला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कागदावर चालणाऱ्या पेनाचा आवाज त्याच्याइतका कुणालाच कळत नसेल. ही विद्या काही हौसेने आलेली नव्हती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला त्याची उत्तरं लिहायला जो पोरगा मिळाला होता, त्याने कंटाळून दहा वाक्यांची चार केली आणि जीवन बापडा दोन विषयांत गटांगळ्या खाऊन बसला. तेव्हापासून तो सांगताना एक कान पेनाकडे ठेवायचा. आपलं वाक्य संपण्याआधी पेन थांबलं की समजायचं, मधलं गिळलं गेलं.

अशा लिहून देणाऱ्याला कागदोपत्री लेखनिक म्हणतात. बोलताना सगळे रायटरच म्हणतात. विद्यापीठ अवाढव्य, पोरं लाखांनी, आणि सर्वांना समान संधी देण्याचं परिपत्रक चांगलं चार पानी. रायटर कसा असावा ते त्यात बारीकसारीक दिलं होतं. परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला हवा, कुठेतरी शिकत असलेला हवा, त्याचं बोनाफाईड हवं. आता असला माणूस आणायचा कुठून, एवढं तेवढं लिहायचं राहून गेलं होतं. तो ज्याचा त्याने शोधायचा. जीवन आणि त्याची आई दर परीक्षेच्या आधी महिनाभर लोकांचे उंबरे झिजवायची.

शेवटच्या वर्षी प्रज्ञा मिळाली. खाडीकाठच्या बौद्धवाडीतली, नुकतेच बारावीचे पेपर दिलेली. जीवनच्या आत्याने नाक मुरडलं. आपल्यात काय पोरी नव्हत्या, म्हणाली. जीवनने सांगितलं, होत्या की, आणि एकूण एक पोरीला विचारून झालंय. आत्या त्याच्यापुढे गप्प बसली, पण पाणवठ्यावर बोलायचं ते बोललीच.

शेवटचा पेपर ग्रामीण विकासाचा होता. तो सुटला की जीवन पदवीधर, आणि पदवी हातात आली की अंधांसाठी राखीव असलेल्या कारकुनाच्या जागेला अर्ज करता येणार होता. पंचविशी उलटली तरी आईच्या शिलाईवर जेवायचं, हे त्याला घशाखाली उतरत नव्हतं. पेपर माणगावच्या केंद्रावर होता. त्या दोघांना वेगळी खोली दिली होती आणि लक्ष ठेवायला हेमांगी मॅडम होत्या. बाई भल्या होत्या, पण सूचना अशा ओरडून वाचल्या, जसं काही जीवनचे कानच गेलेत. लोकांचं हे असंच असतं, त्याला सवय होती.

पहिले तीन प्रश्न झकास गेले. चौथा होता खारभूमीवर: खाडीचं पाणी अडवायला घातलेले बांध का फुटतात आणि शेतं का नासतात. जीवनने पुस्तकातलं जेवढं ऐकून पाठ केलं होतं तेवढं सांगितलं. मोठ्या भरतीने बांध फुटतात, खारं पाणी शेतात शिरतं, जमीन नापीक होते. तो थांबला. पेन मात्र थांबेना.

त्याला वाटलं, मागे राहिली असेल, गाठू दे. मग त्याने मुद्दाम चारच शब्द सांगितले. दुसरे कारण, दुरुस्तीचा अभाव. पेन चारावर थांबायला हवं होतं. ते तीन ओळी पळालं.

त्याने प्रज्ञाला उत्तर वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं ते त्याचंच, शब्दाला शब्द.

"आता पुढचं वाच," तो हळूच म्हणाला. "जे मी सांगितलेलं नाही ते."

ती पुटपुटल्यासारखं वाचू लागली. बांध भरतीने फुटतो हे खरं, पण त्याआधी खेकड्यांनी तो आतून पोखरलेला असतो. पूर्वी दर घरातला एक माणूस वर्षातून चार दिवस बांधावर चिखल चढवायला जायचा. आता घरटी माणूस मुंबईला आहे. बिळं बुजवायला मागे राहिलेल्या म्हाताऱ्या बायका जातात आणि त्यांच्या हातून बुजतील तेवढीच बुजतात.

जीवनने ऐकलेल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. त्याला आधी हेवा वाटला, मग आनंद झाला, आणि मग मोह झाला. ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं? बरं, ते खोडून आता स्वतःच्या तोंडाने तेच सांगितलं असतं, तर नियमातही बसलं असतं. घड्याळ टिकटिकत होतं. मॅडमनी मोठ्याने विचारलं, काही अडलंय का.

"अडलं नाही, मॅडम. एका उत्तरातल्या शेवटच्या ओळी खोडायच्यात. माझं चुकलंय," जीवन म्हणाला.

प्रज्ञा हलेना. त्याने तिच्या बाकावर बोटाने टकटक केलं. मग रेघा ओढल्याचा आवाज आला. त्याने मोजल्या, सात. प्रत्येक रेघेसरशी त्याला हळहळ वाटत होती, कुणाचं चांगलं विणलेलं उसवावं तशी. त्या सगळ्या घोळात वेळ गेला आणि शेवटचा प्रश्न अर्धा असतानाच घंटा झाली.

बोर्लीच्या एसटीची वाट बघत दोघं स्टँडवर बसली. प्रज्ञा चिडलेली होती, आणि रडत होती हे तिच्या नाक ओढण्यावरून कळत होतं.

"तू नापास झालास तर तुला कोण काय बोलणार न्हाय, जीवनदादा," ती म्हणाली. "मला बोलतील. वाडीतली पोर नेली म्हणून असं झालं, म्हणतील."

आत्या काय बोलेल ते जीवनला तोंडपाठ होतं. त्याने तिला पहिल्या वर्षीच्या पोराची गोष्ट सांगितली. त्याने माझं कमी केलं, तू वाढवलंस, आणि दोन्ही वेळा पेपर माझा राहिला नाही, असं म्हणाला. तिला ते फारसं पटलं नाही. मग त्याने खेकड्यांचं विचारलं, तेव्हा ती म्हसळा येईपर्यंत सांगत राहिली. तू पुढे शिक, असं तो म्हणाला, तेव्हा मात्र तिने बोलणं तोडलं. आई म्हणते बारावी पुरे, एवढंच सांगितलं.

जूनमध्ये निकाल लागला. पास व्हायला चाळीस लागत होते, जीवनला अडतीस मिळाले. आई दिवसभर मशीनवर बसली नाही. आत्याने जे बोलायचं होतं ते बोलून घेतलं, आणि ते वाडीपर्यंत पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जीवन काठी टेकत स्वतःच वाडीवर गेला. प्रज्ञाच्या आईने, सगुणाबाईंनी, त्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि भांडायला आलाय अशा समजुतीने आधीच माफी मागायला लागल्या. जीवनने खिशातून दोन फॉर्म काढले.

"ऑक्टोबरला परत बसतोय," तो म्हणाला. "रायटर प्रज्ञाच हवी. पण शिकत असल्याचं बोनाफाईड लागतं, म्हणजे तिचं नाव कॉलेजात घालावं लागेल. हा माझा फॉर्म, हा तिचा."

सगुणाबाईंनी फॉर्म हातात घेतले. "अख्खा गाव म्हणतो हिने तुला नापास केला," त्या म्हणाल्या, "आणि तू परत हिलाच मागतोस?"

"नापास मी झालो, काकी. तिने मी सांगितलं तेवढंच ठेवलं. गावात मी घरोघर हेच सांगत आलोय, आत्याच्या घरापासून सुरुवात केली."

सगुणाबाईंनी प्रज्ञाला हाक मारली. प्रज्ञा आतून पेन घेऊन आली आणि खाली बसली. आधी तुझा भरू, म्हणाली. जीवनने नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका श्रीवर्धन सांगितलं. त्याचं शेवटचं अक्षर संपलं तिथेच पेन थांबलं.

"आता माझा," ती म्हणाली. त्याने सांगण्यासाठी तोंड उघडलं, तर तिने त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं. जीवन गप्प राहिला आणि पेन एकटंच चालत राहिलं.