धुतलेली लाकडं

लाकडं धुतली ग्वेहुआ काकूंनी आणि अडकले मी.

आमच्या नदीवरचा छपराचा लाकडी पूल दुरुस्तीसाठी सुटा केला होता. कुजलेलं बदलायचं, बाकी जुनं लाकूड जुन्याच जागी बसवायचं, असा सरकारी नियम. कुठलं कुठे, हे पूल बांधणाऱ्या माझ्या पणजोबांनी प्रत्येक लाकडावर शाईनं लिहून ठेवलेलं. पण पुलावरच्या देवीसमोर मळकं आढं कसं चढवायचं, म्हणून गावातल्या बायका सोडा आणि ब्रश घेऊन तीन दिवस राबल्या. आमच्यात बाईनं सुतारानं कामाभोवती ताणलेला दोरा ओलांडायचा नाही, आढ्याला हात लावायचा नाही. धुवायला मात्र हरकत नाही! एक अक्षर शिल्लक ठेवलं नाही त्यांनी.

"कशी लख्ख निघाली, बघ!" काकू म्हणाल्या.

बाबा, म्हणजे लियाओ मिस्त्री, लाकडं चाचपत राहिले. त्यांना आता माणूससुद्धा आवाजावरून ओळखावं लागतं. भाऊ केव्हाच शहरात पळाला. तालुक्याचा साहेब येऊन बजावून गेला, "दहा दिवसांत सांगाडा उभा करा, नाहीतर सिमेंटचा पूल बांधू."

मला त्याआधीच फूझौ शहरात हजर व्हायचं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, राहायला खोली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझी म्हणावी अशी खोली.

आणि मला सगळं पाठ होतं. सतरा वर्षं, बाबा पूल तपासायचे तेव्हा त्यांचा डबा घेऊन मी पुलाखाली काठावर बसले होते, वर बघत. पण बोलले की संपलं. पूल जुळवणाऱ्याचं नाव आढ्यावर चढतं आणि ज्याचं नाव चढतं, त्यानं मरेपर्यंत दर पुरानंतर पूल तपासायचा. काकूंचा असा राग आला म्हणून सांगू!

गप्प बस लानश्यांग, मी स्वतःला दटावलं.

बाबांनी एक वासा उजवीकडे लावायला सांगितला. गड्यांनी उचलला.

"अहो, डावीकडचा आहे तो! वरून तिसरा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळे थबकले.

"तुला गं काय ठाऊक?" बाबांनी विचारलं.

"काठावर बसून दुसरं काय करणार होते मी?"

"बरं. मग चौथा कुठला?"

सांगितला. पाचवाही सांगितला. दुपारपर्यंत मी दोरा ओलांडून लाकडांत उभी होते आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

नवव्या दिवशी आढं चढवायच्या आधी बाबांनी कुंचला माझ्यापुढे धरला.

"लिही नाव."

"तुमचंच लिहिते, बाबा."

"मला दिसत नाही म्हणून खोटं लिहितेस? जुळवला कोणी?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझं नाव लिहिलं. शाई ओली होती, अजून पुसून फूझौला निघता आलं असतं. काकूंचा ब्रश तिथेच बादलीत होता. शाई वाळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.